एकाच संगणकावर दोन सुरक्षा-प्रोग्राम परस्परांना अडथळा न करता चालवता येतात का?

प्रश्न : पाटीपेन्सिल

नमस्कार.

माझ्या संगणकावर विंडोज ११ आहे, रॅम ८ जीबी आहे आणि डिस्क एसएसडी प्रकारची आहे. त्यावर सध्या दोन सुरक्षा-प्रोग्राम एकाच वेळी चालू आहेत. पहिला सर्वसमावेशक अँटिव्हायरस असून त्यात फाइलींची तपासणी, संकेतस्थळांची तपासणी आणि स्वतःचा फायरवॉल असे सगळे एकत्र येते. त्याची वर्गणी संपायला अजून सात महिने आहेत. दुसरा अँटि-मालवेअर प्रकारचा आहे. तो मी आधी फुकट वापरत होतो, आणि पहिल्याच्या नजरेतून सुटलेला एक आगंतुक टूलबार त्याने शोधून दिल्यावर पैसे भरून त्याची पूर्ण आवृत्ती घेतली. दोन्हींची नावे मुद्दाम देत नाही, कारण एकेकटे असताना दोन्ही नीट चालत होते आणि दोष कोणा एकाचा आहे असे मला वाटत नाही. सोयीसाठी पहिल्याला 'क' आणि दुसऱ्याला 'ख' म्हणतो.

'ख'ची पूर्ण आवृत्ती बसवल्यापासून पुढील गोष्टी घडत आहेत. संगणक सुरू केल्यावर पहिली तीन-चार मिनिटे काहीही उघडत नाही आणि पंखा जोरात फिरत राहतो. हजारभर लहान फाइली असलेली झिप उलगडायला पूर्वी अर्धे मिनिट लागे, तिथे आता तीन मिनिटांहून अधिक वेळ जातो. काही संकेतस्थळांवर ब्राउझर मधूनच 'प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही' असे सांगतो, आणि पान पुन्हा उघडले की कधी ते चालते, कधी चालत नाही. मागच्या आठवड्यात ईमेलने आलेल्या एका जोडपत्रावर दोघांनी एकाच क्षणी धोक्याची सूचना दिली. 'क' म्हणाला की फाइल हटवता आली नाही, 'ख' म्हणाला की फाइल क्वारंटाइनमध्ये (संशयित फाइली वेगळ्या कोंडून ठेवण्याच्या जागी) टाकली, आणि प्रत्यक्षात फाइल जागच्या जागी होती. शेवटचे म्हणजे, काल 'ख'ने 'क'च्याच फोल्डरमधील एका फाइलवर बोट ठेवले.

मला दोन्ही ठेवायचे आहेत. ते शक्य असेल तर कोणत्या सेटिंग बदलाव्यात, आणि शक्य नसेल तर नेमके कशामुळे नाही, हे कोणी समजावून सांगेल का? 'एक काढून टाका' एवढेच उत्तर मला यापूर्वी दोन-तीन ठिकाणी मिळाले आहे. त्यामागचे कारण मात्र कोणीच दिले नाही.

प्रतिसाद १ : अनुभवी आळशी

कारण हवे असेल तर ते एका म्हणीत मावते : एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोन्ही प्रोग्राम प्रत्येक फाइल उघडण्यापूर्वी तपासू पाहतात, दोघांनाही शेवटचा निर्णय आपलाच हवा असतो आणि दोघेही कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी आतल्या गाभ्यात, ड्रायव्हर घालून बसलेले असतात. सात महिन्यांची वर्गणी वाया जाईल म्हणून संगणक अडकवून ठेवण्यात काय हशील आहे? 'ख' काढा, 'क' ठेवा, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या एखाद्या फुकट स्कॅनरने तपासणी करा. मी कित्येक वर्षे हेच करत आलो आहे.

प्रतिसाद २ : उंबरठा

म्हण खरी आहे, पण म्याने किती आहेत हे आधी मोजले पाहिजे. सुरक्षा-प्रोग्राम हे एकच काम नसून पाच-सहा निरनिराळ्या कामांचे गाठोडे असते, आणि त्यांतल्या काही ठिकाणी खरोखर एकाच तलवारीला जागा असते, तर काही ठिकाणी म्यानच नसते. तुमची लक्षणे मला निरनिराळ्या ठिकाणची दिसतात, म्हणून ती एकेक करून घेतो.

सर्वांत महत्त्वाची जागा फाइलींची. विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम फाइल उघडायला जातो तेव्हा त्याची विनंती थेट डिस्कपर्यंत पोहोचत नाही. वाटेत फिल्टर मॅनेजर नावाचा भाग असतो, आणि ज्या प्रोग्रामांनी आपले मिनीफिल्टर ड्रायव्हर (अशा विनंत्या मध्येच अडवून पाहणारे छोटे घटक) तिथे नोंदवलेले असतात त्यांच्यापुढून ती विनंती एकामागून एक नेली जाते. कोण आधी आणि कोण नंतर हे ठरावे म्हणून मायक्रोसॉफ्ट प्रत्येक ड्रायव्हरला एक क्रमांक देते, त्याला अल्टिट्यूड म्हणतात. ज्याचा क्रमांक मोठा, त्याच्याकडे विनंती आधी येते. अँटिव्हायरस गटासाठी ३,२०,००० पासून पुढे, ३,३०,००० च्या आतला पट्टा राखून ठेवलेला आहे. म्हणजे दोन अँटिव्हायरस एका रांगेत उभे राहणे ही गोष्ट विंडोजने गृहीत धरलेली आहे आणि केवळ त्यामुळे संगणक कोसळत नाही.

अडचण पुढच्या पायरीवर येते. 'क'चा ड्रायव्हर विनंती थांबवून धरतो आणि आपल्या सेवेला, म्हणजे पार्श्वभूमीवर सतत चालणाऱ्या आपल्याच प्रोग्रामला, सांगतो की ही फाइल तपासून दे. ती सेवा तपासण्यासाठी तीच फाइल उघडते. हे उघडणेही 'ख'च्या दृष्टीने 'कोणीतरी फाइल उघडत आहे' असेच असते, म्हणून तो ते थांबवून आपली तपासणी सुरू करतो, आणि त्याची सेवा फाइल वाचायला निघाली की 'क'ला पुन्हा जाग येते. चांगल्या रीतीने लिहिलेला ड्रायव्हर आपल्याच सेवेच्या वाचनाकडे दुर्लक्ष करतो. दुसऱ्याच्या सेवेकडे दुर्लक्ष करावे हे त्याला कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही. एका फाइलमागे हा उशीर क्षणभराचाच असतो, परंतु झिपमधून हजार फाइली बाहेर पडत असतील तर तो हजार वेळा होतो आणि त्याची मिनिटे होतात. क्वचित प्रसंगी दोघे एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत राहतात आणि मग सगळेच ठप्प होते.

तुमच्या जोडपत्राचेही असेच झाले असावे. दोघांनी फाइल ओळखली, दोघांनी ती एकाच वेळी उघडून धरली, आणि दुसऱ्याने उघडून धरलेली फाइल हटवता येत नाही म्हणून एकाचे हटवणे फसले. दुसऱ्याने तिची प्रत आपल्या क्वारंटाइनमध्ये नेली असेल, पण मूळ फाइल त्यालाही काढता आली नसेल. दोन पहारेकऱ्यांनी चोराचा एकेक हात धरून ओढावे आणि चोर दारातच उभा राहावा, तसा हा प्रकार आहे.

प्रमाणपत्राची तक्रार मात्र फाइलींच्या जागेतली नाही. कूटबद्ध संकेतस्थळांवरचा मजकूर तपासता यावा म्हणून अनेक सुरक्षा-प्रोग्राम संगणकात आपले स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे संकेतस्थळांची ओळख सांगणारी इतर प्रमाणपत्रे खरी मानली जातात ते) बसवतात आणि ब्राउझर व संकेतस्थळ यांच्या मध्ये उभे राहतात. ब्राउझरला संकेतस्थळाचे खरे प्रमाणपत्र न दिसता या मध्यस्थाने तयार केलेले प्रमाणपत्र दिसते. असे दोन मध्यस्थ एकामागे एक उभे राहिले की मागच्याने बनवलेले प्रमाणपत्र पुढच्याला परके वाटते, आणि त्याचा विश्वास नसल्यामुळे तो जोडणी नाकारतो. कधी चालते आणि कधी नाही, हे त्या दिवशी कोणाची सेवा आधी सुरू झाली यावरही अवलंबून असू शकते. खात्री करायची असेल तर ब्राउझरच्या पत्तापट्टीवरून संकेतस्थळाचे प्रमाणपत्र उघडा आणि ते कोणी दिले आहे ते वाचा. तिथे सुरक्षा-प्रोग्रामचे नाव दिसले तर तो मध्ये उभा आहे हे निश्चित समजा.

'ख'ने 'क'च्या फाइलवर बोट ठेवले याचे आश्चर्य वाटू देऊ नका. ज्या फाइलींत विषाणूंच्या खुणा नोंदवलेल्या असतात त्या दुसऱ्या प्रोग्रामला विषाणूसारख्याच दिसू शकतात. याच कारणासाठी क्वारंटाइनमधील फाइली सहसा मूळ रूपात न ठेवता सांकेतिक रूपात बदलून ठेवल्या जातात. त्यात आणखी एक भर अशी की प्रत्येक प्रोग्राम आपल्या प्रक्रिया आणि फाइली इतरांनी हाताळू नयेत म्हणून स्वसंरक्षण बाळगतो. त्यामुळे एक आत डोकावू पाहतो, दुसरा नकार देतो, आणि ही खटपट सेकंदासेकंदाला चालू राहून प्रोसेसर गुंतून पडतो.

'दोन अँटिव्हायरस कधीच नकोत' हा सल्ला इतका ठाम का झाला, यामागे थोडा इतिहास आहे. जुन्या ३२-बिट विंडोजमध्ये अनेक सुरक्षा-प्रोग्राम कर्नलच्या अंतर्गत सारणीतील पत्ते बदलून तिथे स्वतःचे पत्ते घालत. दोघांनी एकच पत्ता बदलला आणि त्यांतला पहिला नंतर काढून टाकला, तर दुसरा अस्तित्वात नसलेल्या जागेकडे उडी मारी आणि विंडोज कोसळून निळा पडदा येई. २००५ साली विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांबरोबर कर्नलच्या अशा दुरुस्त्या रोखणारी व्यवस्था आली आणि तो मार्ग बंद झाला. कारण बरेचसे गेले, पण सल्ला तोच राहिला.

प्रतिसाद ३ : सावकाश

उंबरठा यांनी कारणे दिलीच आहेत, म्हणून मी फक्त काय करावे ते सांगतो. तत्त्व एकच ठेवा : प्रत्येक जागी पहारा एकाचाच. तुमच्याकडे 'क' सर्वसमावेशक आहे आणि त्याची वर्गणी शिल्लक आहे, म्हणून कायमचा पहारा 'क'कडे द्यावा आणि 'ख'ला बोलावल्यावर येणारा तपासनीस करावे.

कामाला लागण्यापूर्वी सिस्टीम रिस्टोअर पॉइंट तयार करा, म्हणजे काही बिघडल्यास आधीच्या स्थितीत परत जाता येईल. नंतर विंडोज सिक्युरिटी उघडून सेटिंगमध्ये सुरक्षा-प्रदात्यांचे पान पाहा. तिथे 'क' आणि 'ख' या दोघांचीही अँटिव्हायरस म्हणून नोंद झालेली असण्याची शक्यता आहे. बाहेरच्या अँटिव्हायरसची अशी नोंद झाली की विंडोजमधला अंगभूत डिफेंडर आपला पहारा आपोआप थांबवतो, कारण मायक्रोसॉफ्टनेही एका जागी एकच हे तत्त्व पाळले आहे. काही अँटि-मालवेअर प्रोग्रामांत ही नोंद करायची की नाही हे ठरवण्याची सोय असते. मालवेअरबाइट्स या अँटि-मालवेअर प्रोग्रामच्या सशुल्क आवृत्तीत ती आहे, आणि तिथे नोंद बंद ठेवली तर डिफेंडर चालू राहतो. 'ख'मध्ये अशी सोय असेल तर त्याची नोंद काढा, म्हणजे विंडोजच्या लेखी मुख्य पहारेकरी कोण हे स्पष्ट राहील.

त्यानंतर 'ख'चे रिअल-टाइम संरक्षण, म्हणजे सततचा पहारा, बंद करा. बहुतेक प्रोग्रामांत ते एकच बटण नसते. मालवेअर, संकेतस्थळे, रॅन्समवेअर आणि ब्राउझरमधील त्रुटींचा गैरफायदा अशा तीन-चार निरनिराळ्या कळा असतात, आणि फक्त पहिली बंद करून लोक थांबतात. तुमच्या बाबतीत संकेतस्थळांची कळ बंद करणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण प्रमाणपत्राचा घोळ तिच्यामुळेच होत असावा. प्रत्येक बदलानंतर संगणक रीस्टार्ट करा. नुसता शटडाउन करून पुन्हा सुरू करणे पुरेसे नसते, कारण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनच्या वेळी कर्नलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते, म्हणजे ड्रायव्हर नव्याने चढत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे माझी एक अख्खी संध्याकाळ वाया गेली होती.

मग परस्परांच्या अपवाद-याद्या. 'क'मध्ये 'ख'चा प्रोग्राम-फोल्डर, त्याचा डेटा-फोल्डर आणि त्याच्या मुख्य प्रक्रिया अपवाद म्हणून नोंदवा, आणि 'ख'मध्ये 'क'चे तसेच करा. फोल्डर अपवाद केला म्हणजे प्रक्रियाही अपवाद झाली असे समजू नका. उदाहरणार्थ, डिफेंडरमध्ये प्रक्रियेचा अपवाद केल्यास त्या प्रक्रियेने उघडलेल्या फाइली रिअल-टाइम तपासणीतून वगळल्या जातात, पण त्या प्रक्रियेची स्वतःची फाइल वगळली जात नाही. तिच्यासाठी वेगळा अपवाद द्यावा लागतो. बहुतेक उत्पादक आपल्या मदत-पानांवर अशा फाइलींची यादी देतात, तेव्हा अंदाजाने मार्ग लिहिण्यापेक्षा ती पाहावी.

वेळापत्रकाकडे कोणी लक्ष देत नाही, पण सुरुवातीच्या तीन-चार मिनिटांचा खुलासा बहुधा तिथेच सापडेल. दोन्ही प्रोग्राम संगणक सुरू होताच विषाणूंच्या खुणांची यादी अद्ययावत करतात आणि पाठोपाठ झटपट तपासणी सुरू करतात. 'ख'ची सुरुवातीची तपासणी बंद करून ती आठवड्यातून एका ठरावीक वेळी ठेवा, आणि 'क'ची पूर्ण तपासणी त्या दिवशी नसेल असे पाहा. 'संगणक रिकामा असताना तपासणी करा' हा पर्याय दोन्हीकडे चालू असेल तर एकीकडे तो अवश्य बंद करा, नाहीतर तुम्ही पाणी प्यायला उठलात की दोघेही एकदमच कामाला लागतील.

फायरवॉलबद्दल थोडक्यात : 'क'चा फायरवॉल चालू असेल तर तोच राहू द्या, 'ख'मध्ये फायरवॉल असल्यास बंद करा. दोन्ही चालू ठेवल्यास संगणक बंद पडेलच असे नाही, पण एखादा प्रोग्राम अडला की तो कोणाच्या नियमामुळे अडला हे शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

शेवटी खातरजमा करा. त्यासाठी आयकार चाचणी-फाइल वापरता येते. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे, आणि सुरक्षा-प्रोग्राम चालू आहे की नाही हे पाहण्यासाठीच ती बनवलेली आहे. ती उतरवून घेतल्यावर सूचना फक्त 'क'कडून आली पाहिजे. मात्र काही अँटि-मालवेअर प्रोग्राम ही फाइल ओळखतच नाहीत, त्यामुळे 'ख' गप्प राहिला एवढ्यावरून त्याचा पहारा बंद झाला असा निष्कर्ष काढू नका. ते त्याच्याच सेटिंगमध्ये पाहा.

प्रतिसाद ४ : अनुभवी आळशी

हे सगळे वाचून माझे मत बदललेले नाही, फक्त नेमके झाले आहे. सावकाश यांनी सुचवलेली परस्पर अपवाद-यादी म्हणजे कुंपणाला आपणच पाडलेली भोके आहेत. 'क' ज्या फोल्डरकडे पाहणार नाही, तिथे एखादे मालवेअर जाऊन बसले तर?

शिवाय, कर्नलमध्ये जितके घटक अधिक, तितक्या चुकांना जागा अधिक. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अद्यतनामुळे विंडोजचे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. तिथे भांडण दोन प्रोग्रामांचे नव्हते, एकाच प्रोग्रामची एक चूक होती. मग ज्याचा पहारा बंदच ठेवायचा, त्या प्रोग्रामचा ड्रायव्हर कर्नलमध्ये कशाला ठेवायचा?

प्रतिसाद ५ : उंबरठा

भोकांबद्दलची शंका रास्त आहे, पण सगळी भोके सारखी नसतात. प्रोग्राम फाइल्सखालील फोल्डरमध्ये लिहिण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. ते अधिकार ज्या मालवेअरच्या हाती लागले, ते अपवाद-यादीची वाट पाहत बसणार नाही. प्रोग्राम डेटा या फोल्डरची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे साध्या खात्यालाही नवे फोल्डर करता येतात. म्हणून तिथला अपवाद 'ख'च्या नेमक्या उपफोल्डरपुरताच ठेवावा, वरच्या संपूर्ण फोल्डरचा करू नये. डाउनलोड्स, तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर किंवा आख्खा ड्राइव्ह यांना अपवाद करणे म्हणजे मात्र कुंपणच काढून टाकणे होय, आणि घाईत लोक नेमके तेच करतात.

कर्नलबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. 'ख'चा उपयोग फक्त अधूनमधून तपासणीसाठी होणार असेल तर त्याची केवळ मागणीनुसार चालणारी आवृत्ती पुरेशी आहे.

प्रतिसाद ६ : दीपमाळ

विंडोजबाहेरचा अनुभव म्हणून दोन ओळी. मॅकओएसमध्ये २०१९ सालच्या कॅटलिना आवृत्तीपासून सुरक्षा-प्रोग्रामांसाठी एंडपॉइंट सिक्युरिटी नावाची व्यवस्था आहे, आणि तिच्यामुळे त्यांना कर्नलमध्ये शिरण्याची गरज उरत नाही. एकाहून अधिक प्रोग्राम तिथे नोंदणी करू शकतात. एखादी फाइल उघडू द्यायची की नाही हे त्या प्रत्येकाला विचारले जाते, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर न देणारा प्रोग्राम प्रणाली स्वतःच बंद करते. त्यामुळे सबंध संगणक कोसळण्याची भीती कमी होते, पण दोघांच्या उत्तरांसाठी थांबणे काही टळत नाही. संथपणाची तक्रार तिथेही हीच असते.

प्रतिसाद ७ : पाटीपेन्सिल

सर्वांचे आभार. कारणे कळल्यामुळे पुढचे सोपे झाले. चार दिवस एकेक बदल करून पाहिला, त्याचा वृत्तान्त देतो.

सुरक्षा-प्रदात्यांच्या पानावर खरोखरच दोघांचीही नोंद होती. 'ख'ची नोंद काढता आली. प्रमाणपत्र उघडून पाहिले तेव्हा एका संकेतस्थळावर 'क'चे नाव होते आणि दुसऱ्यावर 'ख'चे, म्हणजे दोघेही मध्ये उभे होते. 'ख'ची संकेतस्थळांची कळ बंद करून रीस्टार्ट केल्यापासून ती तक्रार एकदाही आलेली नाही. रिअल-टाइमच्या उरलेल्या कळा दुसऱ्या दिवशी बंद केल्या, त्यांत रॅन्समवेअरची कळ वेगळ्या पानावर लपलेली होती. तिसऱ्या दिवशी अपवाद-याद्या केल्या, आणि इथे माझी चूक उघड झाली. पूर्वी कधीतरी वैतागून मी 'क'मध्ये डाउनलोड्सचा संपूर्ण फोल्डर अपवाद करून ठेवला होता आणि विसरून गेलो होतो. तो तत्काळ काढला. ते जोडपत्रही अजून तिथेच पडलेले होते, आणि अपवाद काढताच 'क'ने ते एकट्याने, मुकाट्याने क्वारंटाइनमध्ये नेले.

आता संगणक सुरू होऊन कामाला लागायला मिनिटभर लागते. तीच झिप उलगडायला पाऊण मिनिट लागले, म्हणजे पूर्वीच्या अर्ध्या मिनिटापेक्षा किंचित जास्त.

दोन प्रश्न उरले आहेत. 'ख'चे सगळे संरक्षण बंद असताना ही पंधरा सेकंदे कुठे जातात? आणि डिफेंडरच्या पानावर 'मर्यादित नियतकालिक तपासणी' असा एक पर्याय दिसतो, तो चालू केल्यास हाच घोळ पुन्हा होईल का?

प्रतिसाद ८ : उंबरठा

पहिल्याचे उत्तर तुम्हाला स्वतःच पाहता येईल. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडा, एफ-एल-टी-एम-सी ही पाच इंग्रजी अक्षरे सलग टंकून एंटर दाबा. चढलेल्या सर्व मिनीफिल्टरांची यादी त्यांच्या अल्टिट्यूड क्रमांकांसह येईल. ३,२०,००० च्या पट्ट्यात 'क'खेरीज 'ख'चाही ड्रायव्हर दिसला, तर कळा बंद करूनही तो रांगेत उभा आहे आणि विनंती न तपासता पुढे सोडतो आहे असे समजा. काही प्रोग्राम असेच वागतात. तो तिथे दिसलाच नाही, तर उरलेला उशीर 'क'चा एकट्याचा आहे. डाउनलोड्सचा अपवाद काढल्यामुळे त्या फाइली तो आता खरोखर तपासतो आहे, आणि तसे असेल तर ती पंधरा सेकंदे सार्थकी लागली.

प्रतिसाद ९ : सावकाश

दुसऱ्याचे उत्तर : घोळ होणार नाही. हा पर्याय २०१६ साली विंडोज १०च्या ॲनिव्हर्सरी अद्यतनाबरोबर आला, आणि बाहेरचा अँटिव्हायरस मुख्य असतानाच तो दिसतो. त्यात डिफेंडर दारावर उभा राहत नाही, मधूनमधून येऊन तपासणी करून जातो. पॉवरशेलमध्ये डिफेंडरची स्थिती विचारली तर तो निष्क्रिय प्रकारात असल्याचे दिसेल. तुमच्याकडे 'ख' आठवड्याला तपासतोच आहे, त्यामुळे या पर्यायाची गरज नाही. 'ख'ला निरोप द्यायचे ठरवलेत तर मात्र तो चालू करा.

यादीत 'ख'चा ड्रायव्हर सापडला आणि तो अनइन्स्टॉल करायचे ठरले, तर नेहमीच्या अनइन्स्टॉलनंतर तीच पाच अक्षरे पुन्हा टंकून यादी पाहा. ड्रायव्हर मागे राहिला असेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्याचे काढणी-साधन शोधा. बहुतेक मोठे उत्पादक असे साधन देतात, आणि त्यांतली काही सेफ मोडमध्येच नीट चालतात. फाइल हाताने पुसू नका. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) नोंद शिल्लक असताना ड्रायव्हरची फाइल नाहीशी झाली, तर कधी कधी संगणक सुरूच होत नाही.

प्रतिसाद १० : पाटीपेन्सिल

यादी पाहिली. 'ख'चा ड्रायव्हर तिथे आहे, आणि क्रमांकाने तो 'क'च्याही वर आहे. शनिवारी त्याची सशुल्क आवृत्ती काढून मागणीनुसार चालणारी बसवतो आणि तीच झिप पुन्हा उलगडून वेळ कळवतो.